झिरो लेव्हलचे भटजी

आमच्या घरात रागवायचं खातं कुणी घ्यायलाच तयार नव्हतं, म्हणून ते लहानपणीच माझ्याकडे आलं आणि अजून माझ्याकडेच आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, भटजी होते. दशग्रंथी वगैरे नव्हेत, साधे भटजी. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंज, लग्न, दहावं-बारावं, आणि दसऱ्याला एमआयडीसीतल्या लेथ मशिनींना हळदकुंकू. अंबरनाथला एका बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा व्हायचा तेव्हा अण्णांची संध्या संपत आलेली असे आणि आई चाळीच्या नळावर तिसऱ्या हंड्यासाठी रांगेत उभी असे. वारा मोरिवलीकडून आला की घरात कारखान्यांचा वास शिरायचा, कधी कुजक्या अंड्यांसारखा, कधी औषधाच्या बाटलीसारखा. मग आई फोडणीत हिंग जरा जास्त टाकायची आणि आम्ही जेवायला बसायचो.

नारळ दिसला की माझं डोकं अजून फिरतं. आमच्याकडे नारळ विकत आणल्याचं मला आठवत नाही, आणि नारळाशिवाय जेवल्याचंही आठवत नाही. आमटीत नारळ, भाजीत नारळ, वड्या, चटणी, आणि उरलेल्यांची कोपऱ्यात रास. पूजेचे तांदूळ यायचे त्यांना कुंकू लागलेलं असे. आई चार पाण्यांनी धुवायची, तरी भातावर गुलाबी झाक राहायचीच. शाळेत डब्यातला तो गुलाबी दहीभात बघून मुली विचारायच्या, आज कुणाकडे होतं गं? माझे परकर ब्लाउजपिसांचे, उशांचे अभ्रे ब्लाउजपिसांचे, एका उन्हाळ्यात पडदेसुद्धा. गावातल्या प्रत्येक घरचा एक तुकडा आमच्या घरात कुठे ना कुठे शिवलेला होता, आणि त्यातल्या निम्म्या घरांनी अण्णांना कधी व्हरांड्याच्या आत बसवलं नव्हतं. पूजा देवघरात, चहा व्हरांड्यात. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. "त्यांच्या घरची पद्धत असेल," ते म्हणायचे. कुणी काही मागितलं, कुणाला काही खुपलं, कुणी अर्ध्या तासात पूजा उरका म्हटलं, तरी त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं, "विचार करून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन हो म्हणून यायचे. या 'विचार करून सांगतो'चा मला नारळापेक्षाही जास्त संताप यायचा.

अकरावीला मी उल्हासनगरच्या कॉलेजात गेले आणि तिथे मला भावना भेटली. भावना सिंधी, कॅम्प चारला राहायची. तळमजल्यावर तिच्या वडिलांचं प्लास्टिकची बटणं पाडायचं वर्कशॉप, वर घर. दर रविवारी मी तिच्याकडे अभ्यासाला जाते असं घरी सांगायची, आणि आम्ही तिथे एक खेळ खेळायचो. भावनाच्या चुलतभावाला, हरेशला, दुबईच्या मामाने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं. हरेशने ते आधी झेरॉक्स केलं, मग वाचलं. कॅम्प चारमध्ये कामाचा क्रम हाच असतो. खेळ असा: सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, राक्षसांची, किल्ल्यांची, भुयारांची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. प्रत्येक माणसाला एक क्लास घ्यावा लागे, योद्धा, जादूगार, चोर किंवा पुजारी, आणि त्या क्लासवरून त्याला काय काय जमतं ते ठरे. खेळता खेळता लेव्हल वाढायची. संकट आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. हे फासे हरेशने खाली बटणांच्या मशीनवर पाडले होते, शर्टाच्या बटणांच्याच प्लास्टिकचे, मळकट पांढरे. एका बाजूला साच्याची रेघ राहिली होती, त्यामुळे चौदा जरा जास्तच पडायचे. खेळ रंगात आला की भावनाची आई गरम कोकी आणि दही आणून ठेवायची आणि "अभ्यास करो, अभ्यास," म्हणून हसत निघून जायची. कांदा घातलेली ती जाड, खरपूस भाकरी मला नारळ नसलेली म्हणून जास्तच आवडायची.

गोष्ट सांगायचा समीर. तोही आमच्याच कॉलेजात, अंबरनाथहून येणारा. त्याचे वडील एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मोठे अधिकारी होते आणि ते कंपनीच्या कॉलनीत राहायचे. समीर हुशार होता, आणि आवाज असा की भुयार म्हटलं की गार वाटायचं. मी त्या खेळात पुजारीण झाले होते. का, ते उघड आहे. घरी मला पूजेची भांडी घासता येत होती, फुलं निवडता येत होती, अण्णांच्या तोंडून ऐकून ऐकून अर्धे मंत्र पाठ होते, पण भावाला मिळालं असतं ते मला मिळणार नव्हतं, आणि भाऊ मला नव्हताच. पुस्तकातला पुजारी मात्र भलताच होता. अंगात चिलखत, हातात गदा, हात ठेवला की जखम भरायची, आणि लेव्हल पुरेशी वाढली की मेलेल्याला उठवता यायचं. मी नवव्या लेव्हलच्या उंबरठ्यावर होते. आज हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला त्या गदेचा फार आधार होता.

नवरात्र होऊन गेल्यावर एका दुपारी, दुसरी पाळी सुरू होऊन तासभर झाला असेल, मोठा आवाज झाला. देवघरातल्या कंदिलाची काच तडकली. मोरिवलीच्या अंगाला काळा धूर दिसला. संध्याकाळपर्यंत कळलं की एका कंपनीत रिअ‍ॅक्टर उडाला. ती समीरच्या वडिलांचीच कंपनी. चौघे भाजले, आणि कंपनीने सांगितलं, जीवितहानी नाही. दहा-बारा दिवसांनी मोरिवलीची सुमन आमच्या दारात आली, बरोबर तिचा दीर गजानन. सुमनच्या घरची शेती कधीच कारखान्यांखाली गेली होती, आणि तिचा नवरा बाळाराम त्याच जमिनीवरच्या त्या कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होता. ज्या दिवशी रिअ‍ॅक्टर उडाला त्या दिवशी तो डबा घेऊन गेला, तो आलाच नाही. हजेरीपटावर त्या दिवशी त्याचं नावच नव्हतं. ठेकेदार म्हणाला, आलाच नव्हता, गेला असेल कुठे पळून. चपला मात्र कपडे बदलायच्या खोलीत तशाच होत्या, त्या गजानन पिशवीत घालून घेऊन आला होता. सुमनच्या कपाळावर कुंकू होतं आणि हातात बांगड्या होत्या, आणि ती रडत नव्हती. "भटजीबुवा," ती म्हणाली, "माना एवरंच सांगा. माझा मानूस हाय का नाय?"

अण्णांनी तिला आत बसवलं. आईने चहा दिला. अण्णांनी जे सांगितलं ते मी दाराशी उभी राहून ऐकलं. पोथीत दोन वाटा आहेत, ते म्हणाले. माणूस हरवला, ठावठिकाणा नाही, तर बारा वर्षं वाट पाहायची. तोवर तो आहे असंच धरायचं, बायकोने कुंकू पुसायचं नाही. पण माणूस गेल्याची खात्री असेल आणि देह मिळाला नसेल, तर पळसाच्या तीनशे साठ पानांचा देह करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग दहावं, बारावं, सगळं रीतसर. "कुठली वाट ते मला आधी बघावं लागेल," अण्णा म्हणाले, आणि अर्थातच पुढे, "विचार करून सांगतो." मी चिडले. यात विचार कसला करायचा? पण या वेळी ते खरंच उठले आणि चार दिवस मोरिवलीला खेपा घालत राहिले. बाळारामबरोबर काम करणाऱ्या दोघांना त्यांनी गाठलं. त्या दोघांनी पोलिसांना सांगितलं होतं, आम्ही काही पाहिलं नाही. अण्णांना त्यांनी सांगितलं की पाळीच्या सुरुवातीला बाळाराम वरच्या प्लॅटफॉर्मवर चढला आणि उतरला नाही. आमच्या पुस्तकात खोटं ओळखायचा एक मंत्र होता, बऱ्याच वरच्या लेव्हलचा. अण्णांना तो लागला नाही. मयताच्या कामात भटजीशी कुणी खोटं बोलत नसे, एवढंच. घरी येऊन ते आईला म्हणाले, "गुरुवारी करून टाकू. गवगवा नको. कंपनीला कळलं तर त्या पोरांची नोकरी जाईल." मी तिथेच होते. मी ऐकलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मला सूट देण्याचं कुणाच्या मनात येऊ नये.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी समीरच्या गोष्टीत आम्ही एका गावात पोचलो. हरेशचा योद्धा घायाळ होता. गावात देऊळ होतं, देवळात पुजारी. समीर म्हणाला, "हा तुझ्यासारखा पुजारी नाही. साधा आहे. घंटा वाजवतो, लग्नं लावतो." मी विचारलं, त्याचा क्लास काय? समीरने झेरॉक्सची पानं चाळली. "क्लास नाही. गावातले साधे पुजारी झिरो लेव्हल. शिंपी, न्हावी, हॉटेलवाला, तसे. एक फटका बसला की मेला."

"ऐसे कैसे?" भावना म्हणाली. "कुछ तो दे बेचारे को. धंदा करतो ना तो? व्यापाऱ्याचा क्लास दे."

"चोर दे, चोर," हरेश म्हणाला. "भाई की शादी में पंडितने तीन घंटे का काम पाऊण तासात निपटाया. चोरच आहे."

सगळे हसले. समीर गंभीरपणे म्हणाला, "मी जादूगारच देणार होतो, मंत्र म्हणतो म्हणून. पण मंत्राने काही व्हायला तर पाहिजे ना."

त्याला माझे वडील काय करतात ते माहीत होतं. त्याच्याच घरी गेल्या वर्षी अण्णांनी वास्तुशांत केली होती, आणि चहा व्हरांड्यात घेतला होता. तो मुद्दाम बोलला असं मला आता वाटत नाही. त्याला सुचलंच नसेल, आणि मला त्याचाच राग जास्त येतो. मी म्हणाले, साध्या पुजाऱ्याला जे येतं ते तुझ्या पुस्तकात नाही. समीर म्हणाला, सांग, घालू आपण. मी म्हणाले, तुमचे मोठे पुजारी मेलेल्याला उठवतात, पण माणूस मेलाय की नाही हे कोण ठरवतं? तो म्हणाला, त्यात ठरवायचं काय, दिसतंच की. "नाही दिसत," मी म्हणाले, आणि मग मला थांबता आलं नाही. पळसाची पानं सांगितली, तीनशे साठ आकडा सांगितला, बारा वर्षं सांगितली. असलं काही नसतं, फेकू नकोस, असं तो हसत म्हणाला तेव्हा मी सांगितलं की येत्या गुरुवारी माझे वडील मोरिवलीच्या बाळारामचं हे करणार आहेत, जो तुझ्या बाबांच्या कंपनीत जळाला आणि जो पळून गेलाय असं तुझे बाबा सांगतात. हरेशच्या हातातला फासा तसाच राहिला. समीर म्हणाला, "बरं, देतो त्याला पहिली लेव्हल." एका सतरंजीवरचा वाद जिंकायला मी अण्णांचा शब्द मोडला, आणि मिळालं काय, तर पहिली लेव्हल.

मंगळवारी संध्याकाळी समीरचे वडील आमच्या चाळीत आले. स्कूटर लावली, बूट काढले आणि आत येऊन सतरंजीवर बसले. अण्णांची धांदल उडाली. साहेब फार गोड बोलले. "भटजी, शास्त्रात बारा वर्षं थांबायला सांगितलंय असं ऐकलं. मग शास्त्राप्रमाणेच करा, आमचं काही म्हणणं नाही. उगाच जिवंत माणसाचं दहावं-बारावं घातलं तर पाप तुम्हालाच लागायचं." आईने लाडू पुढे केले, नारळाचे. त्यांनी एक खाल्ला, छान झालाय म्हणाले, आणि मग सांगितलं की कंपनी आवारात गणपतीचं देऊळ बांधते आहे. कायमचा पुजारी लागेल. देवळामागे दोन खोल्या, पक्क्या, आणि नळ आत. नळ आत, हे शब्द त्यांनी आईकडे बघून उच्चारले. सोळा वर्षं ती त्या रांगेत उभी होती. मी अण्णांकडे बघत होते. मला वाटलं होतं ते उठतील, दार दाखवतील, निदान आवाज तरी चढवतील. अण्णांनी धोतराचं टोक नीट केलं आणि म्हणाले, "विचार करून सांगतो." त्या क्षणी मला समीरचं पुस्तक बरोबर वाटलं, एक फटका बसला की मेला.

साहेब गेल्यावर अण्णांनी मला समोर बसवलं. "यांना कळलं कसं?" मी सांगितलं. कुठे बोललीस म्हणाले, मी म्हणाले, खेळात. कसला खेळ, त्यांनी विचारलं, आणि मला सगळं सांगावं लागलं, क्लास, लेव्हल, गदा, चिलखत, मेलेल्याला उठवणं. ते ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, "उठवतात? मग बायकोने फोडलेल्या बांगड्यांचं काय करतात?" मी म्हणाले, पुस्तकात दिलेलं नाही. "आणि माझ्यासारख्याला काय येतं त्यात?" मी म्हणाले, काही नाही, झिरो लेव्हल. अण्णांनी मान डोलावली. "बरोबरच आहे की. मारामारी कुठे येते मला." त्यांनी मला एक चापट मारली असती तरी मी सुटले असते. त्यांनी फक्त सांगितलं, "उद्या कॉलेज नको. माझ्याबरोबर बदलापूरला यायचं. पानं आणायची आहेत." आई आतून म्हणाली, "म्हणजे करणारच?" अण्णांनी पानं बांधायचं फडकं पिशवीत घातलं. आईने हंडा उचलला आणि पाण्याची वेळ नसताना नळावर जाऊन उभी राहिली.

बदलापूरच्या बाजारात जंगलाकडून येणाऱ्या बायका पत्रावळींसाठी पळसाची पानं घेऊन बसायच्या. अण्णा एक एक पान उलटंपालटं करून निवडत होते. कीड लागलेलं नको, फाटलेलं नको. पानवाली वैतागून म्हणाली, "महाराज, जेवायलाच बसनार ना त्याच्यावर?" अण्णा म्हणाले, "नाही, माणूस करायचाय." तिने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मग स्वतःच चांगली पानं काढून द्यायला लागली. आम्ही ओल्या फडक्यात गठ्ठा बांधला. परत येताना अण्णा अंबरनाथला उतरले ते घराकडे न वळता कंपनीच्या कॉलनीकडे चालू लागले. मी मागून. दार समीरने उघडलं. त्याने मला बघितलं, गठ्ठा बघितला आणि वडिलांना हाक मारली. साहेब जेवणावरून उठून आले. अण्णा व्हरांड्यातच उभे राहिले, गठ्ठ्यातलं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"साहेब, विचार करून सांगतो म्हटलं होतं. बारा वर्षं हरवलेल्या माणसासाठी आहेत. बाळाराम हरवलेला नाही."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं त्यांना विचारलं."

"कोण ते?"

"ते मी सांगणार नाही."

साहेब म्हणाले, "भटजी, उद्यापासून या एमआयडीसीत तुम्हाला कोण बोलावतं ते बघतो मी." आवाज चढवला नाही. दोघांपैकी कुणीच चढवला नाही. अण्णा "बरं," म्हणाले आणि निघाले. फाटकाशी आल्यावर मी त्यांच्या हातातला गठ्ठा काढून घेतला. मी तो माझ्या डोक्यावर घेतला. मला माझ्या रागाचीच चीड आली होती, की तो इतकी वर्षं मी भलत्याच माणसावर खर्च केला.

गुरुवारी सुमनच्या अंगणात दर्भ अंथरून अण्णांनी पानांना सूत गुंडाळत तो देह मांडला. मी पानं मोजून देत होते. डोक्याला चाळीस, मानेला दहा, दोन हातांना शंभर, मांड्यांना शंभर. ठेकेदाराने पाड्यात सांगून ठेवलं होतं की जो तिथे दिसेल त्याला पाळी मिळणार नाही, म्हणून अंगण रिकामं होतं. सुमन, तिची लहान मुलगी, गजानन, आम्ही दोघं, आणि कुंपणाशी एक म्हातारा. सुमनने बाळारामच्या चपला आणून पायांच्या जागी ठेवल्या. पोथीत चपला नाहीत. अण्णांनी बघितलं, आणि त्यांच्याभोवतीही सूत गुंडाळलं. पांढरं कापड घातल्यावर खरंच माणूस झोपल्यासारखं दिसायला लागलं. तेवढ्यात दुसऱ्या पाळीच्या रिक्षा रस्त्याने जायला लागल्या, माणसांनी खच्चून भरलेल्या. एकही थांबली नाही. पण कुंपणाशी आल्यावर प्रत्येक रिक्षा हळू व्हायची, आणि आतल्या माणसांनी हात जोडलेले मी मोजले, मघाशी पानं मोजली तसे. गजाननने तो देह एकट्यानेच दोन्ही हातांवर उचलला. पानांचं वजन ते काय. अण्णा सुमनला म्हणाले, "बाई, बाळाराम गेला. आता रडा." आणि तीन आठवडे कोरडी राहिलेली ती बाई अशी रडली की मी कानावर हात ठेवले. रडली असती तर तिनेच त्याला मारल्यासारखं झालं असतं, म्हणून ती थांबली होती. कुणीतरी सांगेपर्यंत थांबली होती.

त्यानंतर मी फक्त एकदा कॅम्प चारला गेले. समीर आला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या गावच्या पुजाऱ्याला मी क्लास दिलाय. चौथी लेव्हल. सत्य ओळखायचा मंत्रपण दिलाय." त्याच्या परीने तो माफी मागत होता हे मला आज कळतं. तेव्हा फक्त संताप आला. मी विचारलं, "बाळाराम कुठे आहे म्हणतात तुझे बाबा?" समीर म्हणाला, "ते म्हणतात, येईल. असे लोक येतात परत." मी माझ्या पुजारिणीचा कागद फाडला, जवळ आलेल्या नवव्या लेव्हलसकट, आणि ते तुकडे कोकीच्या ताटलीत टाकले. भावना "अरे यार, सुन तो," म्हणत जिन्यापर्यंत आली. तिची काही चूक नव्हती. मी तिच्याशीसुद्धा पुन्हा नीट बोलले नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

एमआयडीसीतली कामं सुटली. दसऱ्याला लेथ मशिनींची पूजा दुसरेच करू लागले, कंपनीच्या देवळात डोंबिवलीहून भटजी आले, आणि नळ त्यांच्या खोलीत गेला. आई पुढे कितीतरी वर्षं, हंडा उतरवताना कंबर धरून, "आत येणार होता," एवढंच म्हणायची, आणि अण्णा "हो," म्हणायचे. आमचा भात मात्र गुलाबीच राहिला, कारण मोरिवलीचे आणि आसपासचे लोक आता लहानसहान कामालाही अण्णांनाच बोलवायचे. बाळारामचं नाव कंपनीने शेवटपर्यंत हजेरीपटावर लावलं नाही. सुमनने शाळेबाहेर बोरं-चिंचा विकून मुलीला शिकवलं. अण्णा गेले तेव्हा ती मुलगी आली होती, आणि येताना पळसाची पानं घेऊन आली होती, जेवणावळीसाठी.

गेल्या वर्षी बदलापूरला एका लग्नाच्या हॉलमध्ये समीर भेटला. पोट सुटलेलं, केस गेलेले, आवाज तोच. मला ओळखून त्याला मनापासून आनंद झाला. त्याने बायकोला बोलावलं, ही आमची पुजारीण म्हणून ओळख करून दिली, हरेशच्या त्या बटणाच्या फाशांबद्दल सांगून हसला. बाबा अजून आहेत म्हणाला, पंच्याऐंशी पूर्ण, रोज फिरायला जातात. मग हात हलवत म्हणाला, "काय भांडायचो गं आपण, कुठल्या पुजाऱ्याला कुठला क्लास म्हणून. लहान होतो."

मी ताटलीतली ओल्या नारळाची वडी बाजूला सारली.

"समीर, तुझ्या बाबांनी बारा वर्षं मागितली होती," मी म्हणाले. "तीनदा होऊन गेली. त्यांना विचार, बाळाराम आला का?"